तमिळ अक्षरांतला मराठी निरोप

चेन्नईत मैलापूरला राहणाऱ्या अंबुजाबाई बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झाल्या. घराणं तंजावरकडचं. घरात मराठी बोलतात, पण लिहितात ती तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नाही.

टाळेबंदीत त्यांच्या शेजारची तनया, पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली मुलगी, मैत्रिणींबरोबर इन्स्टाग्रामवर एक पान चालवत होती. घरात मार खाणाऱ्या बायकांनी तिथे निरोप पाठवायचा. या मुली वकील गाठायच्या, महिला पोलिसांना कळवायच्या. एका संध्याकाळी ती मास्क लावून दारात आली आणि फोनवरचा एक निरोप पुढे केला.

"मावशी, हे वाचता? अक्षरं तमिळ आहेत, पण माझ्या तमिळ मैत्रिणींना अर्थच लागत नाही. कुणीतरी थट्टा केलीय म्हणून पुसून टाकणार होत्या."

अंबुजाबाईंनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं. "मज फार मारतो. फोन बघतो. त्यास मराठी कळत नाही. मज बाहेर काढा." खाली नाव विद्यालक्ष्मी, तांबरमचा पत्ता आणि नंबर.

"थट्टा नव्हे गे. आमच्यातली आहे."

"मी फोन करते."

"तू नको. तुझ्या मराठीत प्रत्येक तिसरा शब्द इंग्रजी. त्यास सगळं कळेल."

फोन नवऱ्यानेच घेतला. अंबुजाबाई तमिळमध्ये गोड बोलल्या, "मी तिची तंजावरची आत्या. पोरीला दह्यातली डांगरपच्चडी करायला शिकवायची आहे." त्याने स्पीकर लावून फोन बायकोला दिला. मग त्याच सुरात, कृती सांगावी तशा, त्या मराठीत म्हणाल्या, "उद्या सकाळी बायका येतील. तुज यायचं आहे ना?"

"आहे," आवाज कापरा झाला.

"रडू नको. रडलेलं सगळ्यांस कळतं."

मागून नवऱ्याने तमिळमध्ये विचारलं, "एवढं काय सांगतात?"

"उडदाचं पीठ आधी भाजून घे म्हणतात," विद्यालक्ष्मीने त्याला तमिळमध्ये सांगितलं.

सकाळी वकीलबाई दोन महिला पोलिसांना घेऊन गेल्या. नवरा दार अडवून म्हणाला, बायको सुखात आहे, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. विद्यालक्ष्मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मला इथे राहायचं नाही."

दुपारी तनयाने हे सगळं सांगितलं. विद्यालक्ष्मी आता आश्रयगृहात सुखरूप होती. अंबुजाबाईंनी एवढंच विचारलं, "कुठल्या भाषेत म्हणाली?"

"तमिळमध्ये."

"त्यास कळेल अशा भाषेत," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि तनयाला जेवायला बसवलं.