दोन दिवसांचा निरोप

त्या मार्चमध्ये मला कोणी विचारलं असतं, "काय ठरलं गं तुमचं?", तर मी सकाळी एक सांगितलं असतं आणि दुपारी दुसरंच. भूकंप झाला उत्तरेला, त्सुनामी आली तिकडे, अणुभट्टीचं जे काय झालं तेही तिकडेच. आम्ही राहत होतो जपानच्या पश्चिमेला, आतल्या समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावर. नवरा तिथल्या संशोधन केंद्रात समुद्रातल्या शेवाळावर काम करायचा. ती भट्टी आमच्यापासून पुण्याहून नागपूर असेल त्याहूनही लांब. आमच्या घरातली कपबशीसुद्धा हलली नव्हती.

पण टीव्ही चोवीस तास तेच दाखवत होता आणि पुण्याहून बाबांचे फोन थांबत नव्हते. पोरीला घे आणि आधी तिथून नीघ, एवढंच त्यांचं म्हणणं. राजधानीजवळच्या उरायासुची माझी मैत्रीण दोन्ही मुलांना घेऊन पुण्यात पोचलीसुद्धा होती, त्यामुळे बाबांच्या हातात आयतंच उदाहरण. नवऱ्याला विचारलं की तो कागदावर आकडे मांडायचा, वारा कुठून कुठे वाहतोय ते समजावायचा आणि शेवटी म्हणायचा, "तू म्हणशील तसं." अरे बाबा, मला ठरवता येत असतं तर तुझं डोकं कशाला खाल्लं असतं? त्याच्या त्या शांतपणाचा मला भयंकर राग यायचा.

त्यात आमची लेक एप्रिलमध्ये पहिलीत जाणार होती. बेटावर मुलंच उरली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी पहिलीच्या वर्गात ती एकटीच. आम्ही गेलो तर वर्गच भरणार नव्हता. तिला म्हटलं, आजोबांकडे जायचं का, तर ती जपानीत म्हणायची, शाळा सुरू होईल ना मग. इकडे आड, तिकडे विहीर. राहिले आणि पोरीला काही झालं तर? गेले आणि काहीच झालं नाही तर?

शेवटी मी अर्धवट माणसं करतात ते केलं. ठरवलं काहीच नाही, पण तयारी सुरू केली. तेव्हा देशाबाहेर जाण्याआधी, परत येण्याच्या परवानगीचा शिक्का पासपोर्टवर घ्यावा लागायचा, नाहीतर व्हिसाच रद्द. शिक्का घेऊन ठेवू, पुढचं पुढे. तो शिक्का देणारं ऑफिस समुद्रापलीकडच्या शहरात. तिथे एक मराठी कुटुंब होतं, त्यांच्याकडे दोन रात्री राहायचं आणि परत यायचं. नवऱ्याला केंद्रातून हलता येणार नव्हतं, म्हणून मी आणि लेक दोघीच. दोघी नसल्यावर तो जेवायला केंद्राच्या कॅन्टीनमध्ये जाणार, हे ठरलेलंच.

निघायच्या सकाळी मी फ्रिज रिकामा केला. दोन दिवस का होईना, गावाला जाताना घरात दूध-दही ठेवून जायचं नाही ही आईची शिकवण. दूध, दही, अर्धा कोबी, कोथिंबीर सगळं उचललं आणि शेजारच्या आजींकडे नेऊन दिलं. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, माझ्या जपानीला हसणाऱ्या आणि तरीही रोज काहीतरी बोलायला लावणाऱ्या आजी. लेक सोबत होती. तिला आमच्या घरची सवय, गावाला निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं. ती सरळ वाकली आणि आजींच्या पायांवर डोकं टेकवून मोकळी झाली. आजी कमरेत वाकल्या त्या कितीतरी वेळ वर आल्याच नाहीत. मला वाटलं, कोबी फारच आवडलेला दिसतोय.

धक्क्यावर ही गर्दी. एरवी आमच्या बोटीला टपालाची गाडी आणि चार म्हातारी माणसं, बाकी कोणी नाही. मग आठवलं, मार्चअखेर म्हणजे शिक्षकांच्या बदल्या. शाळेतल्या एक बाई त्याच बोटीने बेट सोडून चालल्या होत्या. अशा वेळी तिथे रंगीत कागदी फितींची भेंडोळी आणतात. फितीचं टोक बोटीवरच्या माणसाच्या हातात, भेंडोळं धक्क्यावरच्याच्या हातात. बोट निघाली की फीत उलगडत जाते आणि पुरेनाशी झाली की तुटते. मी हे आधीही पाहिलं होतं.

आम्ही वर डेकवर उभ्या राहिलो. पोस्टमन धावत वर आला आणि त्याने आमच्या दोघींच्या हातात टोकं कोंबली. लाल, पिवळी, निळी, मूठभर. मी समजले, बाईंना हात दोनच, त्यांना सगळ्या फिती कशा धरता येतील? म्हणून आपल्याला मदतीला घेतलंय. मी अगदी जबाबदारीने धरल्या. लेकीला दटावलंसुद्धा की नीट धर, दुसऱ्यांच्या आहेत.

लाउडस्पीकरवर निरोपाचं गाणं लागलं, बोट हलली आणि धक्क्यावरचे लोक आमच्या लेकीचं नाव घेऊन हाका मारायला लागले. संशोधन केंद्राचा रखवालदार, मासे विकणाऱ्या काकू, शेजारच्या आजी, सगळे. आजी तर रडत होत्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात एकही फीत नव्हती.

"मला कालच शाळेत निरोप दिला सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "आज सगळे तुमच्यासाठी आलेत."

तोवर फिती ताणून तुटायला लागल्या होत्या. माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. आमच्यासाठी कशाला? आम्ही तर परवा येतोय! मग हळूहळू उजेड पडला. रिकामा केलेला फ्रिज. पायांवर टेकवलेलं डोकं. दोन दिवसांत येतो हे आजींना सांगायचं राहूनच गेलेलं, आणि त्यांनी गावभर सांगितलं असणार. आणि टीव्हीवर रोज विमानतळावरच्या परदेशी लोकांच्या रांगा. मी बाईंना सांगायला गेले की हा गैरसमज आहे, दोनच दिवसांसाठी चाललोय, पण घाबरल्यावर माझं जपानी पार गळपटतं. त्यांनी समजूतदारपणे माझ्या हातावर थोपटलं आणि खाली केबिनमध्ये निघून गेल्या.

खरं सांगते, मला लाज वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. एवढी माणसं आली, पण एकानेही "नका जाऊ" म्हटलं नाही. आपल्याकडे कोणी चार दिवस राहून निघालं तरी म्हणतात, राहा की अजून. यांना आम्ही नकोसे झालो होतो का? मग रडले कशाला? काही समजेना.

शहरात बाबांचा फोन आला. शुक्रवारच्या विमानात जागा आहे, आज सांग. जिच्याकडे उतरलो होतो ती मराठी मैत्रीण हसत म्हणाली, तुझा निरोप समारंभ तर दणक्यात पार पडलाय, आता मागे फिरलीस तर काय तोंड दाखवणार? चेष्टाच होती, पण माझ्या मनात तेच घोळत होतं. जाणं आता किती सोपं झालं होतं. कोणी नावं ठेवणार नव्हतं, रडून मोकळे झाले होते सगळे. दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभी राहून शिक्का घेतला. त्याच संध्याकाळी लेकीसाठी शाळेत घालायचे पांढरे बूटही घेतले. म्हणजे जायची तयारी झाली आणि राहायचीही. बाबांना म्हटलं, उद्या सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतीच्या बोटीत बसलो. मी काही शूरपणाने ठरवलं वगैरे नाही. घरी जायचंय, असं लेक म्हणाली आणि तिचं घर कुठलं हे मला कळत होतं, एवढंच. वाटभर मी माफीची वाक्यं घोकत होते. धक्क्यावर दोर बांधणाऱ्या माणसाने आम्हाला पाहिलं, तोंडाचा आ केला आणि पोट धरून हसला. पोस्टमनने टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, सुटले बाई.

शहरातून आणलेला मिठाईचा डबा घेऊन मी आजींचं दार ठोठावलं. त्या हसल्या नाहीत. आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिला घेऊन का परत आलीस?"

मी घोकलेलं सगळं विसरले.

"माझी नात तिकडे आहे. फुकुशिमात. तिच्या आईची नोकरी सुटत नाही, म्हणून तीही तिथेच," आजी म्हणाल्या. "परवा बोट सुटली तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, एक तरी पोर लांब गेलं."

नातीबद्दल त्या आजवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी रोज त्यांच्याकडे बसून माझंच रडगाणं गात होते, जाऊ की राहू, जाऊ की राहू. आजी मला खूप बोलल्या. निम्मं मला कळलंही नाही. एवढं कळलं की मी मूर्ख आहे, माझा नवराही मूर्ख आहे आणि पोरीचे हात थंडगार पडलेत. बोलता बोलताच त्यांनी तिचे बूट काढले आणि तिला आत शेगडीजवळ नेऊन बसवलं.

घरी आल्यावर मी बाबांना फोन लावला. आम्ही येत नाही, म्हटलं. मला वाटलं होतं, ते चिडतील. पण फोन कट झाला की काय असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"तिथे तुला रागावणारं कोणी आहे का गं?" बाबांनी विचारलं.

"आहे, बाबा. आत्ताच बोलणी खाऊन आले."

पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या चालू होत्या, त्या बाबांनी बंद केल्या.

"मग राहा," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.