निळा धागा, पांढरा धागा

आमच्या भावोजींना प्रयोगशाळेत सगळे 'होयबा' म्हणतात. घरी कुणी म्हणत नाही, कारण घरी ते वेगळं सांगावं लागत नाही. सासूबाईंनी तोंड उघडायचा अवकाश, भावोजींची मान हललेली असते. एवढ्या गुणी माणसाची नोकरी मात्र वर्षानुवर्षं कंत्राटी. ती पक्की करणं संचालकांच्या हातात, आणि संचालकांना कसलीही घाई नव्हती.

भावोजींनी आपलं काम मला गच्चीवर कपडे वाळत घालताना समजावलं होतं. शरीरात आपोआप विरघळणाऱ्या प्लॅस्टिकची लांबलचक साखळी म्हणजे ही दोरी. तिच्यावर दुसऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या साखळ्या लटकवायच्या. चिमटा दाबला की टक! या जोडणीला ते 'क्लिक' म्हणतात. चिमटे दाबायला तांबं लागतं, आणि काम झालं की ते धुऊन काढायचं.

"लग्नंही अशीच पटकन जुळली तर किती बरं," मी म्हटलं.

"हो वहिनी," ते म्हणाले. त्यांचं अजून जुळायचंय.

या प्लॅस्टिकचा त्यांनी जखमेला टाके घालायचा धागा ओढला. पहिल्या रिळात थोडं तांबं राहून गेलं, म्हणून त्याला निळसर झाक आली. संचालक त्या निळ्यावर असे भाळले की पत्रकं निळी, दालनाच्या भिंती निळ्या, त्यांचा टायसुद्धा निळा. पुढे भावोजींनी धागा धुऊन धुऊन पांढरा केला, तेव्हा साहेबांचा चेहरा पडला.

"रंग कुठे गेला?"

"सर, तो रंग नव्हता, तांबं होतं. जखमेला बाधेल."

"धाग्याच्या अनावरणाला पाहुणे काय पांढरा दोरा बघायला येणार आहेत? निळाच मांडा. कार्यक्रम झाला की तुमच्या पक्क्या नोकरीच्या ऑर्डरवर सही करतो."

भावोजी "हो" म्हणाले. हे कळल्यावर मी इतकी संतापले की "आता माझ्याशी बोलू नका" असं बजावलं. त्यालाही ते "हो" म्हणाले.

कार्यक्रमाला आम्ही दोघी सासू-सुना शेवटच्या रांगेत बसलो होतो. धागा शंभर टक्के निर्धोक आहे, असं संचालकांनी ठणकावून सांगितलं. पाहुण्यांत एक सर्जनबाई होत्या. त्या हसत म्हणाल्या, "मग घालू का एक टाका तुमच्याच हाताला?"

संचालकांचा हात चटकन पाठीमागे गेला. दुसऱ्या हाताने त्यांनी भावोजींना पुढे ढकललं. "हे आमचे संशोधक. यांना घाला ना!"

भावोजींनी मुकाट्याने बाही वर सरकवली. मग त्यांनी खिशातून दुसरं रीळ काढलं.

"घाला बाई. पण या पांढऱ्याने. निळ्याने नको."

"का हो?"

त्यांनी सगळं सांगितलं, तांब्यासकट, अगदी सावकाश. संचालक टायशी चाळा करत राहिले. टाका कुणी घातलाच नाही. बाईंनी पांढरं रीळ मागून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. सही झाली नाही ती नाहीच, आणि महिनाअखेरीला कंत्राटही संपलं.

त्या दिवशी सासूबाईंचा पारा चढला होता. "एकदा गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

मी मनात म्हटलं, आता मान हलणार.

"बिघडलं असतं, आई."

सासूबाईंनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, तो काही मी लपवला नाही.

"काय म्हणालास?" त्यांनी दरडावून विचारलं.

भावोजींनी पुन्हा तेच सांगितलं.