पुतळाबाईनं धुतलेला बोर्ड

पुतळाबाईनं बोर्ड धुतला हे कळलं तेव्हा खांबेटे साहेब मटकन खुर्चीत बसले. दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळीच पुण्याहून आलेला माणूस, अंगावर नवाकोरा शर्ट, आणि तोंडाचा रंग असा उडालेला की शिपायानं आधी पाणी आणलं आणि मग काय झालं ते विचारलं.

काय झालं ते सांगायचं तर आधी बोर्ड सांगायला हवा. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या अंगाला एका ओढ्यावर कंपनीचं धरण चाललं होतं, आणि त्या कामाचे प्रमुख खांबेटे. खाण, भिंत, रस्ते, गाड्या, हजारभर माणूस, आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. खडी आली की सिमेंट नसायचं, सिमेंट आलं की गवंडी लोणावळ्याच्या बाजाराला गेलेले असायचे. शेवटी मुंबईहून फर्मान सुटलं, कामाची आखणी करायची नवी पद्धत आणा. दोन विक्रेते येऊन गेले. एकाकडे भिंतभर कागद होता, सगळा बाणांनी आणि वर्तुळांनी भरलेला. तो साहेबांखेरीज कुणाला कळेना, आणि साहेबांना तरी कळला होता की नाही देव जाणे. दुसऱ्याकडे बोर्ड होता. एका ओळीत एक काम. काम झालं की हिरवी खुंटी, चालू असलं की पिवळी, रखडलं की लाल. आंधळ्यालाही कळेल असा कारभार. बोर्ड पसंत पडला. आता नोंदींच्या वह्यांची गरज काय, म्हणून साहेबांनी जुन्या वह्या बांधून माळ्यावर टाकायला लावल्या.

मग दर सोमवारी बैठक सुरू झाली. ज्याच्या ओळीत लाल खुंटी दिसे, त्याला साहेब सगळ्यांसमोर उभं करून सोलून काढत. बघता बघता बोर्ड हिरवागार झाला. एवढा हिरवा की मुंबईचे मोठे साहेब मुद्दाम बघायला आले आणि खांबेट्यांची पाठ थोपटून गेले.

या ऑफिसात पुतळाबाई झाडलोट करी. खाणीच्या बरोबर खाली, ओढ्याकाठी तिच्या लोकांची वस्ती होती. कंपनी यायच्या कितीतरी आधीपासूनची. नवरा शिदू हिरडा काढताना झाडावरून पडून गेला. घरी म्हातारी सासू सावित्राबाई, दोन पोरी, आणि या सगळ्यांचं पोट पुतळाबाईच्या केरसुणीवर. बाई कामाला चोख, तोंडानं फटकळ. अक्षराशी तिची ओळख नव्हती. पण साहेब सकाळी आले की आधी त्या बोर्डासमोर उभे राहतात, देवापुढे राहावं तसे, एवढं तिला दिसत होतं.

खंडेनवमी आली. खाणीत पहारी, टिकाव, घण घासूनपुसून मांडले. रोलरला झेंडूच्या माळा चढल्या. ऑफिस मात्र ओस पडलेलं. साहेब पुण्याला, बोर्डावर खुंट्या लावणारा कारकून गोरख देहूरोडला आपल्या घरी. किल्ली पुतळाबाईकडे. तिच्या मनात आलं, ज्या हत्यारावर एवढं धरण उभं राहतंय ते सणाच्या दिवशी पारोसं ठेवायचं? पुजायचं तर आधी धुवायला नको? तिनं सगळ्या खुंट्या उपटल्या, रिठ्याच्या पाण्यात खळखळून काढल्या, बोर्ड ओल्या फडक्यानं लख्ख पुसला आणि खुंट्या परत बसवल्या. बसवल्या त्याही शिस्तीत. वर साऱ्या हिरव्या, मधे थोड्या पिवळ्या, खाली दोन-चार लाल. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा बोर्डापुढे ठेवला. घरी जाऊन सासूला म्हणालीसुद्धा, "लय ग्वाड दिसतंय बगा."

आता तीच पुतळाबाई दाराशी पदराचं टोक चावत उभी होती. नोकरी गेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. साहेब ओरडलेही नाहीत. ते नुसते त्या हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांकडे बघत होते. कुठली खुंटी कुठल्या ओळीतली, याची दुसरी नोंद कुठेच नव्हती.

"हिचं काय करायचं ते नंतर बघू," शेवटी साहेब म्हणाले. "सगळ्यांना बोलवा. एकेक ओळ परत लावू."

माणसं जमली. गोरख ओळीवरचं काम वाचू लागला आणि ज्याचं काम तो उत्तर देऊ लागला. "झालं." हिरवी. "झालं." हिरवी. साहेबांच्या तोंडावर जरा रंग येऊ लागला.

"खाणीखालची वस्ती हलवणे," गोरखनं वाचलं.

"झालं की," खाणीवरचा दत्तोबा मुकादम म्हणाला. "श्रावणातच झालं."

गोरखनं हिरवी खुंटी उचलली.

"कंची वस्ती?" दारातून आवाज आला.

"तू गप बस गं!" दत्तोबा खेकसला.

"न्हाई, पर कंची?"

"ओढ्याकाठची," गोरखनं सांगितलं.

"अवो, तितं आमी ऱ्हातो की!" पुतळाबाई पुढे आली. "आत्ता सकाळी म्हातारीला भाकर देऊन आले मी. कोन हलवलं आमाला? कुटं हलवलं?"

गोरखनं खुंटी खाली ठेवली. त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. ती ओळ सगळ्यांना पाठ होती. वस्तीवरच्या कड्याला मोठा सुरुंग. उद्या सकाळी. वस्ती रिकामी, तेव्हा तिकडे इशाऱ्याचा लाल बावटा घेऊन माणूस धाडायचं कारणच नव्हतं.

"दत्तोबा," साहेब खुर्चीतून उठले, "हे काय आहे?"

दत्तोबानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "साहेब, नव्या जागंचं सपाटीकरनच झालं न्हवतं. लाल लावली तर तुमी चारचौघांत उबं करनार. म्हनलं, आठ-पंदरा दिसांत हलवू, आदी हिरवी लावून टाकू. मग भिंतीच्या कामात मागं पडलं... मी इसरलो वो, साहेब. आईच्यान इसरलो."

साहेबांनी तिथल्या तिथं सुरुंग थांबवायला माणूस पळवला. ते परत बोर्डाकडे वळले तोवर दुसरा एक जण घसा खाकरून म्हणाला, मघाचं माझं 'झालं' जरा मागं घ्या. मग तिसरा. मग चौथा. गोरखच्या डब्यातल्या लाल खुंट्या संपल्या, तरी माणसं संपेनात. सगळा कारभार थापांवर उभा होता, आणि थापा मारणाऱ्यांतलं कुणी वाईट नव्हतं. सगळे फक्त सोमवारला भ्यायलेले होते. खांबेटे साहेब डोकं धरून बसले. भीती कुणाची होती हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

पुतळाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. रोज सकाळी त्या हिरव्या खुंटीवरची धूळ ती आपल्याच हातानं पुसत आली होती, आणि खुंटी सांगत होती की पुतळाबाई तिथं राहत नाही, तिच्या पोरी तिथं नाहीत, म्हातारी नाही.

"बाई," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या नोकरीला धक्का नाही. वस्ती हलेपर्यंत कड्याला कुणी हात लावणार नाही. तुम्ही आता घरी जा."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"साहेब, एक इचारू? उद्या आमी समदी त्या दगडांखाली गेलो असतो, तर मग कंची खुंटी लावली असती तुमी?"

मग ती उंबरा ओलांडून पोरींकडे निघाली.