रविवारचे सर

आमचे बायोलॉजीचे सर संगणकाशी भांडायचे, पण अदबीनं. "देखो बेटा, कालच पुसलंय तुला. आज नखरे नको," असं समजावून मगच डिस्क आत सारायचे. नांदेडच्या जुन्या मुसलमान घराण्यातली ही रीत असावी. ओरडायचं, तेही मान राखून.

लातूरच्या क्लासच्या गल्लीत मोठमोठ्या पाट्या होत्या. सरांचा क्लास म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. आठवडाभर ते पेशी आणि ग्रंथींचे. रविवारी दुपारी आमचे. लोहा, उमरीकडून आलेल्या आम्हा मुलींना ते संगणकावर हिंदी सिनेमा दाखवत. "रडायचंय ना? मग हिरोइनच्या नावानं रडा. घरच्यांच्या नावानं रडलं की अभ्यास बुडतो," म्हणत. म्हणून ते रविवारचे सर.

त्यांच्या परदेशातल्या पुतण्यानं हृदयावरची एक डिस्क पाठवली. संगणकानं ठणकावलं, ही डिस्क या प्रदेशासाठी नाही. सर भडकले. "दिल बी इलाका बघून धडकतंय का?" मग कळलं, संगणकाचा प्रदेश बदलता येतो, पण पाचच वेळा. शेवटी जो ठेवाल, तो जन्माचा. हृदयासाठी परदेश आणि रविवारसाठी भारत, अशा फेऱ्या मारता मारता सरांकडे एकच बदल उरला. "आता भारतातच मुक्काम," त्यांनी जाहीर केलं आणि हृदय खडूनं काढायला घेतलं.

आम्ही जेवायचो त्या मेसच्या काकू भूकंपात गेलेल्या गावातल्या. त्यांची लेक कमल त्या पहाटे घरातच राहिली. फोटो एकही उरला नव्हता. "आवाज तर गेलाच बघा. आता चेहराबी निसटायलाय," पोळी लाटता लाटता त्या म्हणायच्या.

एका रविवारी काकू टॉवेलात गुंडाळलेली डिस्क घेऊन वर आल्या. भूकंपाच्या आधी दगडी घरांची फिल्म करायला काही गोरे लोक त्यांच्या गावात आले होते. त्यांच्यातल्या एका बाईनं गावाचा शोध घेऊन ती पाठवली होती. त्यात काकूंचं घर होतं म्हणे. दुकानातल्या प्लेअरनं ती नाकारली होती. सायबर कॅफेतल्या संगणकाचे बदल केव्हाच संपले होते.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. "पोरींनो, हा बदल केला की आपला रविवार बंद. कायमचा."

उमरीची सविता उठली आणि तिनं आत घातलेला सिनेमा बाहेर काढला. सरांचे डोळे भरले. संगणकावर हात ठेवून ते म्हणाले, "चल बेटा. आता परत यायचं न्हाई."

पडद्यावर दगडी भिंती आल्या, एक शेळी आली, मग दार. दारातून दोन वेण्यांची एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन थेट आमच्याकडे चालत आली आणि म्हणाली, "जेवलात का वो?"

काकूंनी दोन्ही हातांनी पडदा धरला. "मागं घ्या, सर." लाइट जाईपर्यंत सर मागं घेत राहिले.

पुढच्या रविवारी सरांनी सिनेमा स्वतःच करून दाखवला. हिरो तेच, खलनायक तेच, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन हिरोइनही तेच. आम्ही हसून हसून लोळलो. घरची आठवण त्या वर्षी कमीच आली.

नांदेडला परतताना सरांनी तो संगणक काकूंना देऊन टाकला. पुढे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी डॉक्टर झाले होते. कुणाशी तरी सरांबद्दल बोलावं म्हणून मी काकूंकडे गेले. मेसमध्ये नव्या मुलींची गर्दी होती. आतल्या खोलीतून आवाज आला, "जेवलात का वो?"

दारात चप्पल काढणारी एक मुलगी म्हणाली, "न्हाई काकू, आत्ताच आले."

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हसून म्हणाल्या, "मी न्हाई गं. आमची कमल विचारायलीय."