हबीब येऊन गेला

हबीब कधी कळवून येत नसे. भर दुपारी, घरातली माणसं जेवून आडवी झालेली असताना फाटकाची कडी वाजायची आणि पाठोपाठ त्याचा खर्जातला आवाज यायचा, "हाये का कोनी?" आत आला की तो पाणी मागायचा, घाम पुसायचा आणि इकडचं तिकडचं न बोलता एकच विचारायचा, "मंग, पुढच्या साली काय करून राह्यले?" उत्तराची त्याला घाई नसे. समोरचा गप्प बसला तर हाही गप्प बसे. दोनदा चहा होई, ऊन कलायला लागे, आणि मग "बरं, येतो" म्हणून तो उठे. आमच्या बॅचमध्ये एक काळ असा आला की "हबीब येऊन गेला" हे वाक्य लोक दबक्या आवाजात बोलू लागले.

यवतमाळच्या कॉलेजात आम्ही बी.एस्सी.ला एकत्र होतो. पुढे मी तिथेच शिकवायला लागले, तेव्हापासून तो मला मुद्दाम "मॅडम" म्हणे. त्याने मात्र नेरला वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान धरलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढून नवी भरायची, हेच दिवसभर. हाताला कायम वार्निशचा वास. डिग्री वाया घालवलीस असं कोणी म्हटलं की तो हसायचा. "फिजिक्सच करून राह्यलो ना बावा. मॅडम फळ्यावर करते, मी विहिरीवर करतो." त्याला राग आलेला मी क्वचितच पाहिला, आणि मला तर नाकाच्या शेंड्यावरच राग असतो, म्हणून आमचं जमायचं.

दिवाळी आटोपली की आमची बॅच कुणाच्या तरी शेतात रोडगे करायला जमे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची जाळ भाजी आणि नुसती एकमेकांची खेचाखेची. पण पहिला रोडगा मोडायच्या आधी हबीब उभा राही आणि त्या वर्षात आमच्यातलं जे कोणी गेलं असेल त्याच्याबद्दल बोले. त्याच्या घरच्यांनाही आग्रहाने बोलावलेलं असे. कॉलेजात तो कसा होता, पुढे कुठे लागला, काय उभं केलं, कोणतं काम त्याला आवडायचं, हे सगळं हबीबला तोंडपाठ. एकदा कोणीतरी मध्येच विचारलं की तो गेला कसा. हबीब शांतपणे म्हणाला, "मेला कसा ते पोलिसवाले लिहितेत. जगला कसा ते लिहाले कोनी येत नाई. ते आपन सांगाव." तो आमचा नियमच होऊन बसला.

सुरुवातीची वर्षं हे काम हलकं होतं. मग कापसाचे दिवस फिरले. बोंडं किडायला लागली, भाव बसला, आणि ते संकट फक्त शेतात राहिलं नाही. कापसावर आमच्या सगळ्यांचीच घरं उभी होती. वसंताचं कृषी केंद्र होतं. त्याने विकलेलं बियाणं उगवलं नाही, आणि ज्यांच्या लग्नात तो नाचला होता ती माणसं दुकानासमोर येऊन शिव्या देऊ लागली. तांड्यावरचा प्रेमदास आमच्यात सगळ्यात हुशार. तो विनाअनुदानित शाळेत मास्तर झाला, आणि आज ना उद्या पगार सुरू होईल या आशेवर केस पांढरे होईपर्यंत शिकवत राहिला. वडिलांच्या शेतीवर घर चालायचं, तेही थांबलं. वसंता गेला. पुढच्या पावसाळ्यात प्रेमदास गेला. कसे, ते हबीबच्या नियमाप्रमाणे मी इथे लिहीत नाही.

दोघांकडेही हबीब थोडेच दिवस आधी येऊन गेला होता. एवढं पुरे झालं. मग वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली आमचा रमेश सापडला. हबीब त्याच्याकडे फक्त मुलीच्या लग्नाचे पेढे खायला गेला होता, पण लोकांनी तेही धरलं. शिकलेली माणसं, पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की विज्ञान खुंटीवर टांगून ठेवतात. फाटकाची कडी वाजली की बायका खिडकीतून आधी बघायच्या. एकाने तर तो दिसताच मागच्या दाराने शेत गाठलं. मी हे ऐकून भडकले होते. तरी एका दुपारी तो माझ्याकडे आला, तेव्हा मीही आधी खिडकीतून बघून घेतलं, हे खरं आहे.

त्याच दुपारी मी त्याला सरळ विचारलं, की तुला कसं कळतं कुणाकडे जायचं? त्याने बशीतला चहा संपवला.

"मोटर, मॅडम," तो म्हणाला. "दुरुस्त झाली तरी मानूस न्याले येत नाई. निरोप धाडला तं म्हनते, राहू द्या तुमच्यापाशीच. ज्याले पुढचं पानी द्याचं हाये, तो मोटर कायले ठेवीन माह्यापाशी? मी जातो अन् बसतो. दुसरं मले काई येत नाई."

वसंताची मोटर त्याच्या दुकानात तशीच पडून होती. प्रेमदासच्या वडिलांचीही.

त्यानंतर दिवाकरची आली. दिवाकर एका जिनिंगमध्ये मॅनेजर होता. सरकी आणि रुई वेगळी होण्याच्या आवाजात त्याची उमेदीची वर्षं गेली, असं तो स्वतःच कौतुकाने सांगायचा. ते जिनिंग बंद पडलं. मालक नागपूरला निघून गेला आणि गेटवर रोज येणाऱ्या मजुरांना उत्तर द्यायला दिवाकर उरला. नेरच्या बाहेर त्याचं थोडं शेत आणि विहीर होती. मोटर भरून झाली, पाऊस उघडला, शेजाऱ्यांनी पाणी सुरू केलं, तरी दिवाकर आला नाही. हबीब त्याच्याकडे जायला निघणार, तर आदल्या दिवशी दिवाकरची बायको कमल दुकानात आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने गिऱ्हाइकांदेखत हात जोडले.

"भाऊ, तुमी मानूस चांगले हा. पन आमच्या घरी येऊ नोका."

हबीबने तिला शब्द दिला. शब्द मोडणारा तो नव्हता, आणि इथेच सगळं अडलं. त्याने मोटर ऑटोत घातली, स्वतः बरोबर गेला, आणि दिवाकरच्या घराच्या अलीकडे चहाच्या टपरीवर उतरला. ऑटोवाल्याला त्याने आत पाठवलं. दिवाकर फाटकापर्यंत आला. दोघांची नजरानजर झाली. दिवाकरने हात वर केला. हबीबनेही केला. मग दिवाकर वळून घरात गेला, आणि ऑटोवाला मोटर ओट्यावर ठेवून परत आला. हे हबीबने मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन सांगितलं. स्टाफरूममध्ये तो बसायलाही तयार नव्हता. "तो हासला नाई, मॅडम," एवढंच तो परत परत म्हणत होता. आम्ही ठरवलं की रविवारी मी आणि माझे यजमान जाऊन येऊ. रविवार यायच्या आधी दिवाकर गेला. मोटर ओट्यावरून हललीच नव्हती.

त्या दिवाळीनंतर रोडग्यांना फार थोडे आले. कमल आली, याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं. चिंचेखाली ती एका बाजूला बसली. निखारे तयार झाले, आणि हबीब नेहमीप्रमाणे उभा राहिला.  

"मले याचं काई सांगता येत नाई," तो म्हणाला. "कॉलेजातलं मालूम हाये. जिनिंगचंही मालूम हाये. पन शेवटच्या साली त्याच्या मनात काय होतं, ते मी इचारलंच नाई. मी गेलो नाई."

तो खाली बसला. तेव्हा मागून खाणीत नोकरी करणारा आमचा नानाजी बोलला, वणीहून एस.टी.ने आलेला, एरवी चार शब्दही न बोलणारा. "माह्याकडं आलता हा. दोन वर्सं झाले. संध्याकाळवर बसून होता. मी हाओ ना अजून." कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग दुसऱ्या एकाने हळूच हात वर केला. मग आणखी एकाने. मेलेल्यांची घरं आम्ही बोटांवर मोजली होती. हबीब आणखी कुठे कुठे जाऊन बसला, हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की समोरचे निखारेही दिसेनात.

कमल उठून हबीबसमोर आली. "भाऊ, तुमी आले असते तं त्यायले काय म्हनलं असतं?"

"काईच नाई, वहिनी. पुढच्या पेऱ्याचं इचारलं असतं. अन् बसलो असतो."

ती तिथेच मातीत बसली, आणि कितीतरी वेळ कोणी रोडग्याला हात लावला नाही.

हबीब त्यानंतर फार जगला नाही. दुकानातच, काम करता करता त्याची छाती दुखायला लागली आणि यवतमाळला पोचेपर्यंत तो संपला. त्याच्यामागे दुकान त्याचा पुतण्या बघतो. न्यायला कोणी आलं नाही अशी मोटर असली की तो कमलला निरोप देतो, आणि कमल मला फोन करते. आता आम्ही दोघी जातो. लोक आम्हालाही भिऊ लागले आहेत. यंदा कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सुमारास नेरजवळच्या एका गावात आम्ही एका घराच्या फाटकाची कडी वाजवून दाराशी उभ्या राहिलो, तेव्हा दार उघडणाऱ्या सुनेचा चेहरा आम्हाला ओळखून पांढराफटक पडला. दाराची चौकट तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"कायले आल्या तुमी?" तिने विचारलं.

कमलने तिचा एक हात चौकटीवरून अलगद काढला.

"बसाले," ती म्हणाली.