लुडोत हरायची युक्ती

लुडोत जिंकायचं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी हरायचं कसं यावर डोकं चालवलं, आणि तेही मला धड जमलं नाही.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. गावाकडची, मैंदर्गीची मेंढरं चुलत्यांच्या गळ्यात घालून आम्ही त्यांना सोलापुरात आणलं. हात रोज चालवला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाबायला रबरी चेंडू दिला. आबांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला. "म्या काय तान्हं लेकरू हाय व्हय?" उजव्या हातानं फासा टाकायचा, सोंगट्या सरकवायच्या म्हणून मांडलेला लुडो मात्र चालला, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी सुनेला हरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना हरवलं, तर हात दोन दिवस चादरीखाली.

"तुम्ही बसा त्यांच्याशी," बायको म्हणाली. "तुम्हाला हरायची सवय आहे."

टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून मी संध्याकाळी घरी यायचो. पोटऱ्या दगड झालेल्या. तशातच पटाशी बसायचं. माझी युक्ती म्हणजे सोंगटी बाहेरच काढायची नाही. सहा पडला की बोटानं फासा हळूच कलंडवायचा. मी बाहेर नाही, म्हणजे आबांना कुणी मारणार नाही. आबा आपोआप जिंकणार.

पण आमच्या घरात तोडीचा नियम आहे. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली मधल्या घरात जात नाही. हे मी लहानपणापासून खेळत आलोय, आणि तेच विसरलो. मारायला माझी सोंगटी पटावर होतीच कुठं? आबांच्या चारही सोंगट्या घराच्या दारापर्यंत यायच्या आणि पुन्हा फेरा धरायच्या. दोन दिवस फिरत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि नेमका तेव्हा मला सहा पडेना. खरंच पडेना.

"काल पडला हुता की," आबा म्हणाले. "तू बोटानं पाडलास."

मी फासा उचलून पुन्हा खुळखुळवायला लागलो.

"डोळ्याला काय झालं न्हाय माज्या. हाताला झालंय. तू खेळाया बसतूस का माजी राखण कराया?"

हात पुन्हा चादरीखाली गेला. चार दिवस बाहेर आला नाही. बायको माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलत होती. पाचव्या दिवशी मी पट मांडला आणि म्हणालो, "आबा, आज खरं खेळतो."

"मारशील?"

"मारतो."

पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या दोन सोंगट्या मारल्या. इतक्या शिव्या मी कारखान्यातही खाल्ल्या नव्हत्या. पण त्या देता देता उजवा हात बाहेर आला. बोटांनी फासा जेमतेम धरला, फेकला, आणि तो थेट कॉटखाली गेला.

मी रांगत आत घुसलो. चार पडले असते तर त्यांनी मला मारलं असतं, तोड झाली असती. तीन होते. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"किती?"

"तीन."

"नक्की?"

"खाली येऊन बघा."

"तीनच आसतील. चार सांगताना तुजा आवाज लई गोड झाला आसता."

वर सोंगटी सरकायला लागली. एक टक् ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. शहाबादी फरशी गार होती, पाठ टेकली तशी पोटऱ्यांतली कळ जरा उतरली. आठवड्यात पहिल्यांदाच मला कुठं जायचं नव्हतं.

"अहो, झोपलात की काय?" स्वयंपाकघरातून बायको.

"फासा शोधतोय."

तिसऱ्या टक्‌ला फार वेळ लागला. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. शेवटी ते वाजलं.

"ये भाईर," आबा म्हणाले. "टाक."