हबला सगळं ऐकू जातं

गप्प बसणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात. बोलणाऱ्याला स्वतःचं सांगायची घाई असते, आमच्यासारख्यांच्या कानावर नुसतं पडत राहतं. माझं नुकतंच लग्न झालेलं. नव्या सुनेनं फार बोलू नये हे घरात ठरलेलं होतं, आणि कॉलेजातही मी तीच सवय घेऊन जात होते. त्यामुळं कोल्हापुरातल्या त्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या कोर्सच्या माझ्याकडं नोट्स कमी आणि किस्से जास्त.

*

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, नेटवर्किंगच का?

माझ्या शेजारी कोडोलीची सुमन बसली होती. ती म्हणाली, "नोकरी करायची हाय, सर."

पुढच्या बाकावर तिचा चुलतभाऊ बाजी. त्याला विचारलं तर म्हणाला, "हिच्यासंगट कोण तरी पायजे म्हणून."

वर्ग हसला. खरं तर त्यानं विनोद केलाच नव्हता. पोरगी एकटी एसटीनं कोल्हापूरला जाणार नाही, असं सुमनच्या वडिलांनी, आबांनी, सांगितलं होतं. म्हणून बाजीचीही फी भरली. दुसरी अट अशी, की परीक्षा झाली की लगीन.

सर बाजीला म्हणाले, "म्हणजे तू सिक्युरिटी. बस खाली."

*

हार्डवेअरच्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडायचं होतं. सर म्हणाले, अंगावरचं धातूचं सगळं काढा, स्टॅटिक करंटनं पार्ट जातात. पोरांनी घड्याळं काढली, अंगठ्या काढल्या. माझ्या हातात हिरवा चुडा होता, पण तो काचेचा. राहिलं मंगळसूत्र. मी ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि काम झाल्यावर पुन्हा घातलं.

बाजी मधल्या सुट्टीत चहाच्या गाडीवर हे हसत हसत सांगून आला. गाडी नेमकी माझ्या दिरांच्या दुकानासमोर.

घरी पोचले तर सासूबाई दारातच उभ्या. मी समजावलं, काढलं नाही तर मशीन खराब होतं, आणि मलाही झटका बसू शकतो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बसू दे. पन ते काढायचं न्हाय."

*

पासवर्ड फोडायचा प्रोग्रॅम सरांनी एकदा आमच्याच पासवर्डवर चालवला. बघता बघता सगळे फुटले. निम्म्या वर्गाचं ग्रामदैवत, उरलेल्यांचं स्वतःचं नाव. माझं नवऱ्याचं. त्यावर टाळ्या पडल्या. बाजीचा पासवर्ड 'बाजी' होता.

सुमनचा तेवढा फुटेना. प्रोग्रॅम फिरतोय फिरतोय, आणि सर पंख्याखाली उभे.

शेवटी तेच म्हणाले, "काय आहे गं तुझा? सांगून टाक."

"सर, कुणाला सांगायचा न्हाय असं तुमीच शिकवलंय की."

बाजी पुढून म्हणाला, "घरात ट्रंकेला बी कुलूप लावती ती."

*

सराव परीक्षेला वीज गेली. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात नसताना गेली. सर हटले नाहीत, म्हणाले, पिंग तोंडी घेतो. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला 'आहेस का?' विचारायचं आणि दुसऱ्यानं 'आहे' म्हणायचं. वायर धड आहे का ते त्यावरून कळतं; उत्तर आलं नाही तर पडद्यावर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं.

बाजी झाला पहिला कॉम्प्युटर, सुमन दुसरा.

"आहेस का?" बाजीनं विचारलं.

सुमन खिडकीबाहेर बघत होती. आदल्या दिवशी आजऱ्याहून पाहुणे येऊन तिला पसंत करून गेले होते. मुलाचा काजूचा कारखाना. बाजीनं चार वेळा विचारलं. मग म्हणाला, "सर, ही कालपास्नं कुणालाच रिप्लाय देत न्हाय."

"मग लिही, रिक्वेस्ट टाइम्ड आउट," सर म्हणाले, आणि बरोबर उत्तराचे मार्क बाजीला दिले.

*

त्याच आठवड्यात डबा खाताना सुमननं मला सांगितलं. पुण्यातल्या एका कंपनीत तिची मैत्रीण लागली होती. तिनं सुमनचं नाव पुढं दिलं होतं, मुलाखत ठरत होती.

मी म्हटलं, "आबांना विचारून तरी बघ."

"विचारलं तर न्हाय म्हणतील. पगाराचा कागद हातात दिला तर गावभर दाखवत फिरतील. आमचे आबा तसेच हायत."

"आणि बाजीला आधी कळलं तर?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "तर परीक्षेला बी न्हाय सोडणार."

मी कुणाला सांगणार नव्हते. हे तिला माहीत होतं, म्हणून तर मला सांगितलं.

*

आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला स्विच नव्हता, हब होता. सर म्हणायचे, हब म्हणजे दवंडीवाला, एकाचा निरोप सगळ्यांच्या दारात ओरडतो. स्विच ज्याचा त्याला देतो. स्विचसाठी सरांनी अर्ज केला होता. प्राचार्य म्हणाले, "हब चालतंय न्हवं? मग?"

एका दुपारी सरांनी सेमिनार हॉलमधला प्रोजेक्टर मागून आणला आणि वायरवरचे निरोप पकडणारा एक प्रोग्रॅम आपल्या मशीनवर लावला. आम्हाला म्हणाले, तुमचं तुमचं काम चालू ठेवा. मी आणि सुमन कडेच्या भिंतीकडं तोंड करून बसलो होतो; ती पुण्याच्या मैत्रिणीशी चॅटवर बोलत होती. मागं हशा झाला म्हणून मी वळले.

वर्गाच्या पुढच्या भिंतीवर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, एकेक ओळ उमटत होती.

'शनिवारी येते. घरी जादा प्रॅक्टिकल सांगितलंय.'

'आणि बाजी?'

'त्याला काय कळतंय. तो कॉलेजात झोपायला येतो.'

पोरं बाकं वाजवायला लागली. सर खुशीत होते. "बघा, वायरवरनं जाणारं सगळं असं उघडं असतंय. मशीन नंबर तेरा कोण आहे रे?"

मी सुमनचा हात धरला. तोवर तिनं एंटर दाबलं होतं.

'नोकरी लागली की आबांना सांगते. मग आजऱ्याला आपोआप नकार जाईल.'

ती वळली. भिंतीवरचं वाचलं. मग बाजीकडं बघितलं. हसणं थांबलं होतं.

बाजी उभा राहिला. त्यानं हात वर केला.

"सर, ह्याची प्रिंट मिळंल का?"

सरांनी चष्मा वर केला. "कशाला रे?"

"घरी न्यायची हाय."

सरांनी प्रिंटर चालू केला. ठोके मारत तो एकेक ओळ छापत राहिला. सुमन मांडीवर हात ठेवून बसली होती.

सरांनी कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढल्या, तो बाजीच्या हातात दिला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "शिका जरा ह्याच्याकडनं."